खांद्यावरची काळी पेटी : ‘स्टार ट्रेक’मधील ट्रायकॉर्डरची एक तपासणी

विज्ञानकथांमधल्या यंत्रांची चर्चा निघाली की बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : लेखकाचे भाकीत खरे ठरले का? प्रश्न मनोरंजक आहे, पण विज्ञान शिकवणाऱ्यांना त्याचा उपयोग थोडाच. कथेतले यंत्र पुढे बाजारात येवो वा न येवो, ती कथा पाहताना ‘माहिती मिळते कशी’ याविषयी विद्यार्थ्याच्या मनात कोणती समजूत रुजते, हे तपासणे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. या लेखात ही तपासणी आम्ही एकाच यंत्रापुरती करणार आहोत. ते यंत्र म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतला ट्रायकॉर्डर.

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६९ पर्यंत चालली. १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ती दाखवली गेली, त्यामुळे आज शिकवत असलेल्या काही शिक्षकांनी ती लहानपणी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. एंटरप्राइज नावाचे एक अंतराळयान अनोळखी ग्रहांचा शोध घेत हिंडते. कर्क हा त्याचा कप्तान, स्पॉक हा विज्ञान अधिकारी आणि मॅकॉय हे डॉक्टर. यानावर बोलून उत्तरे देणारा एक मोठा संगणक आहे. पण ग्रहावर उतरल्यावर तो जवळ नसतो. तेव्हा खांद्याला पट्ट्याने लटकवलेली एक काळी पेटी कामाला येते. झाकण उघडायचे, आतल्या लहानशा पडद्याकडे पाहायचे आणि सांगायचे : हवेत अमुक वायू आहेत, खडक अमुक धातुकाचा आहे, पलीकडे कोणीतरी सजीव आहे. हाच ट्रायकॉर्डर. डॉक्टरांच्या पेटीबरोबर हातात मावणारे एक छोटे साधन असते. ते रुग्णाच्या अंगावरून फिरवले की निदान तयार!

तीन कामांची एक पेटी

ही पेटी तीन कामे करते. ती आजूबाजूचे काहीतरी टिपते, टिपलेल्यावर आकडेमोड करते आणि सारे साठवून ठेवते. संवेदन, गणन आणि नोंद अशी आपण त्यांना नावे देऊ. तिन्ही कामे एका लहान पेटीत बसवण्याची कल्पना १९६६ साली किती धाडसी होती हे एका तुलनेवरून कळेल. मालिका सुरू होण्याच्या दोनच आठवडे आधी, २५ ऑगस्ट १९६६ रोजी, अपोलो योजनेतला मार्गदर्शक संगणक एका मानवरहित उड्डाणात प्रथमच अवकाशात गेला. त्याची सुधारित आवृत्ती १९६९ साली माणसांबरोबर चंद्रावर उतरली. तिचे वजन सुमारे ३२ किलो होते. तिच्यात कायमस्वरूपी स्मृतीचे ३६,८६४ शब्द आणि बदलता येण्याजोग्या स्मृतीचे अवघे २,०४८ शब्द मावत. इथे ‘शब्द’ म्हणजे १६ द्विमान अंकांचा एक गट. जगातल्या उत्तमोत्तम अभियंत्यांनी जागा आणि वजन वाचवण्यासाठी जिवाचे रान करून बनवलेला तो संगणक. त्याच काळात मालिकेचे लेखक संगणक खांद्याला अडकवून फिरत होते.

अर्थात लेखकांची पेटी चालावी लागत नव्हती. ती उघडली की दिवा लागला आणि किणकिणाट झाला, एवढे पुरे होते. मालिकेतल्या अनेक यंत्रांचा उगम विज्ञानापेक्षा निर्मात्यांच्या पैशांच्या तंगीत आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. माणसे किरणांच्या झोतातून थेट ग्रहावर उतरवण्याची युक्ती निघाली, कारण दर भागात यान जमिनीवर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत बोटाच्या स्पर्शाने चालणारे सपाट फलक दिसतात. मागून प्रकाश टाकलेल्या प्लास्टिकवर छापील आकृत्या लावणे हे खरोखरची बटणे आणि दिवे बसवण्यापेक्षा स्वस्त पडे, म्हणून ते तसे झाले. आज आपण ज्याला दूरदृष्टी म्हणतो तिच्यात काटकसरीचाही वाटा होता. म्हणूनच भाकितांचे गुणपत्रक बाजूला ठेवावे असे आम्ही म्हणतो.

गणन लहान झाले, संवेदनाचे काय?

तीन कामांपैकी गणन आणि नोंद यांबाबत मालिकेने धाडस केले असे वाटते, पण आज पाहता ती कल्पना भित्रीच ठरते. याचा उत्तम नमुना ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवलेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या भागात आहे. कर्क आणि स्पॉक भूतकाळात, १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोहोचतात. इतिहास नेमका कोठे बिघडला याची दृश्ये स्पॉकच्या ट्रायकॉर्डरमध्ये साठलेली आहेत, पण ती उलगडून पाहण्याइतकी गणनशक्ती पेटीत नाही. यानावरचा मोठा संगणक इथे नाही. मग स्पॉक मोलमजुरीच्या पैशातून रेडिओचे व्हॉल्व्ह आणि तारा विकत आणतो आणि भाड्याच्या खोलीत एक जंजाळ उभे करतो. तेविसाव्या शतकातली पेटी विसाव्या शतकातल्या व्हॉल्व्हची मदत मागते. आज कोणाच्याही खिशातला मोबाइल साठवलेली चित्रे हळू किंवा जलद, पुढे किंवा मागे, सहज दाखवतो.

असे का झाले? गणनाला स्वतःचा आकार नसतो. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे सांगणारी खूण मोठ्या व्हॉल्व्हने दाखवली काय किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या ट्रान्झिस्टरने दाखवली काय, बेरीज तीच येते. म्हणून संगणक पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेला.

संवेदनाचे तसे नाही. मोजायचे म्हणजे बाहेरच्या वस्तूकडून काहीतरी आपल्यापर्यंत यावे लागते : प्रकाश, उष्णता, आवाज किंवा वायूचे रेणू. त्या येणाऱ्या गोष्टीला आकार असतो, अंतराप्रमाणे ती विरळ होत जाते, आणि मधला अडथळा तिला अडवतो. वर्गात करता येण्याजोगा एक हिशेब करू. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ती चहूकडे सारखी पसरते असे धरू. एक किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १ कोटी २५ लाख चौरस मीटर. पेटीची खिडकी १० चौरस सेंटिमीटरची असेल तर तिच्या वाट्याला एका वॅटचे सुमारे आठ अब्जांश भाग येतात. एवढ्या क्षीण प्रारणातूनही आजचे अवरक्त कॅमेरे काम करू शकतात, पण ते उघड्यावर, मधे काही नसताना. भिंत किंवा टेकडी आली की संपले.

मग खडकातून जाणारे काही वापरावे का? लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरी कोरड्या खडकात काही अंतर शिरतात. पण येथे दुसरा नियम आड येतो. लहर कोणत्या दिशेने आली हे नीट ओळखायचे तर ग्राहकाचे तोंड तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ मोठे हवे. ३० सेंटिमीटरची लहर आणि १० सेंटिमीटरची पेटी अशी जोडी असेल, तर दिशा जवळजवळ कळतच नाही. अपायकारक नसलेले आणि डोंगरातूनही आरपार जाणारे कण आहेत, ते म्हणजे न्यूट्रिनो. पण डोंगरातून सहज पार होणारे पेटीतूनही सहज पार होतात! म्हणून तर जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो प्रयोगाला ५०,००० टन पाण्याची टाकी लागते. डॉक्टर मॅकॉयच्या साधनाची अडचणही याच जातीची. शरीराच्या आतले चित्र घेणाऱ्या एमआरआय यंत्रात साधारणपणे १.५ टेस्ला क्षमतेचा चुंबक असतो, आणि तो खिशात मावत नाही.

यावर कोणी म्हणेल, तेविसाव्या शतकात नवे भौतिकशास्त्र सापडलेले असेल. असू शकेल. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार अशी की पेटी काय टिपते हे मालिका बहुतेक वेळा सांगतच नाही. ‘जीवनचिन्हे दिसतात’ असे स्पॉक म्हणतो. कसली चिन्हे? उष्णता, हालचाल, श्वासातला वायू? ‘जीवन’ नावाची राशी कोणत्याही तराजूने मोजता येत नाही. मोजता येते ते तापमान, दाब, विद्युतप्रवाह. त्यावरून ‘येथे कोणी जिवंत आहे’ असा निष्कर्ष काढायचा असतो, आणि तो काढताना चुकण्याची शक्यता असते. ट्रायकॉर्डर हे मधले पाऊलच गाळून टाकतो.

पेटी चुकते तेव्हा

म्हणूनच ९ मार्च १९६७ रोजी दाखवलेला ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग आम्हांला साऱ्या मालिकेत विशेष मोलाचा वाटतो. त्याची पटकथा जीन कून यांची. एका ग्रहावरच्या खाणीत कामगारांचे बळी पडत आहेत. मारणारा कोण ते कळत नाही, कारण यानावरच्या यंत्रांना खाणीत माणसांखेरीज दुसरा सजीव दिसतच नाही. का दिसत नाही? कारण ती यंत्रे आपल्यासारखे, म्हणजे कार्बनवर आधारलेले जीवन शोधण्यासाठी जुळवलेली आहेत. स्पॉक शंका काढतो : समजा, हा प्राणी कार्बनऐवजी सिलिकॉनवर आधारलेला असला तर? मग तो ट्रायकॉर्डर सिलिकॉनसाठी जुळवून घेतो, आणि तेव्हा कोठे प्राण्याचा माग लागतो.

येथे पेटीचे खरे स्वरूप उघड होते. आपण जे शोधायचे ठरवतो तेच उपकरण शोधते. आधी मनात शंका येते, मग जुळवणी होते आणि त्यानंतर आकडा मिळतो. पेटी तीच होती, पडदा तोच होता. बदलला तो विचारलेला प्रश्न.

या भागात याहून सूक्ष्म असेही एक ठिकाण आहे. खाणीच्या व्यवस्थापकाच्या खोलीत एक गोल दगड ठेवलेला असतो. तो सिलिकॉनचा गोटा आहे, खालच्या थरात असे हजारो सापडले आहेत, त्यांना बाजारात किंमत नाही, असे तो सांगतो. त्याच्या दृष्टीने गोष्ट तेथेच संपते. पण ती त्या प्राण्याची अंडी असतात! खाणकामगार ती फोडत गेले म्हणून आई चवताळलेली असते. गोटा सिलिकॉनचा आहे, हे रासायनिक उत्तर शंभर टक्के बरोबर होते. पण गोटा कशाने बनला आहे हे कळले म्हणून तो काय आहे हे कळले असे होत नाही. ते कळायला स्पॉकला दोन वेगळी निरीक्षणे एकमेकांशेजारी ठेवावी लागली. शेवटी तर तो पेटी बाजूला ठेवतो आणि त्या प्राण्याशी मनाने संपर्क साधतो. ही मनोविद्या आम्हांला मान्य नाही, पण तोपर्यंतचा तर्क अगदी खऱ्या विज्ञानासारखा आहे.

खऱ्या विज्ञानात असा प्रसंग नऊच वर्षांनी आला. १९७६ साली व्हायकिंग योजनेची दोन याने मंगळावर उतरली. जीवन शोधण्यासाठी त्यांच्यात जी उपकरणपेटी होती तिचे वजन सुमारे १५ किलो होते. खरा ट्रायकॉर्डर म्हणावा तर तो हाच! मातीत किरणोत्सारी कार्बन असलेली पोषकद्रव्ये घालायची आणि त्यातून किरणोत्सारी वायू बाहेर पडतो का ते पाहायचे, असा त्यातला एक प्रयोग होता. वायू बाहेर पडला. ठरलेल्या कसोटीप्रमाणे हे ‘जीवन आहे’ असे उत्तर होते. पण त्याच यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला मंगळाचे म्हणता येतील असे सेंद्रिय रेणू मातीत सापडले नाहीत. वायू मातीतल्या तीव्र ऑक्सिडीकारक रसायनांमुळे निघाला असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञांनी मानले. पुढे २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट क्षार सापडले आणि जुन्या निष्कर्षांची पुन्हा तपासणी झाली. दोन बरोबर चालणारी उपकरणे, दोन न जुळणारी उत्तरे आणि काही दशकांचा वाद : शोध असाच पुढे जातो.

दशांशचिन्हानंतरचे अंक

ट्रायकॉर्डरच्या उत्तराला ‘अधिक-उणे’ कधी नसते. स्पॉकची आकड्यांची हौस तर प्रसिद्धच आहे. १९६७ च्या ‘एरंड ऑफ मर्सी’ या भागात तो वाचण्याची शक्यता ‘अंदाजे’ ७,८२४.७ विरुद्ध १ अशी सांगतो. अंदाज आणि तोही दशांशापर्यंत! लेखकांनी हा विनोद म्हणून घातला असावा, परंतु सार्थक अंकांचा धडा शिकवताना हे उदाहरण फळ्यावर लिहावे इतके चांगले आहे.

अचूकतेचा आभास किती महाग पडतो याचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. ही चिमुकली पेटी खरोखर कौतुकास्पद आहे. तिच्यामागचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडले. सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पाठवायचा आणि दोन्ही किती शोषले गेले त्याची तुलना करायची. पेटी ऑक्सिजन मोजत नाही, प्रकाश मोजते. मग माणसांवर आधी घेतलेल्या मोजमापांशी ताडून, म्हणजे अंशांकन करून, पडद्यावर टक्के दाखवते. आता ही आधीची मोजमापे बहुतांशी गोऱ्या त्वचेच्या लोकांवर घेतलेली असतील तर? २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की रक्तातला ऑक्सिजन घातक पातळीपर्यंत उतरलेला असूनही ऑक्सिमीटरला तो ठीक वाटला, असे प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा घडले. पडद्यावरचे ९४ आणि ९५ सगळ्यांसाठी सारखेच ठळक दिसतात. त्यामागची कहाणी पडद्यावर दिसत नाही.

डॉक्टर मॅकॉयची पेटी प्रत्यक्षात आणण्यासाठी एक मोठी स्पर्धाही झाली. क्वालकॉम कंपनीच्या मदतीने २०१२ साली तिची घोषणा झाली आणि बक्षिसांची रक्कम होती १ कोटी डॉलर. घरच्या घरी वापरता येईल असे, अडीच किलोच्या आतले आणि ठरावीक आजारांचे निदान करणारे साधन बनवायचे होते. २०१७ मध्ये निकाल लागला. पहिल्या संघाला २६ लाख आणि दुसऱ्याला १० लाख डॉलर मिळाले, पण सगळ्या अटी कोणत्याच संघाला पूर्ण करता आल्या नाहीत. आम्हांला यात अपयश दिसत नाही. पहिला आलेला संघ एका पेटीच्या मागे न लागता नाडी, श्वास, रक्त यांसाठी वेगवेगळी साधी साधने आणि त्यांच्या जोडीला प्रश्नावली घेऊन आला होता. रुग्णाला प्रश्न विचारल्याशिवाय निदान होत नाही, हे आपल्या गावातले डॉक्टरही जाणतात.

नंतरच्या मालिका

१९८७ नंतरच्या मालिकांत ही पेटी आणखी लहान झाली आणि दुर्दैवाने आणखी सर्वज्ञ झाली. आकलन न होणाऱ्या शब्दांची माळ उच्चारायची, ट्रायकॉर्डरचे बटण दाबायचे आणि संकटातून सुटायचे, असे अनेक भागांत घडते. तेथे कथा ढिली पडते आणि विज्ञानही. गमतीचे म्हणजे, याच मालिकांत वाचनासाठी हातात धरायची पाटी आहे, पण कामाचा डोंगर दाखवण्यासाठी टेबलावर अशा पाट्यांची चळत रचलेली दिसते. जणू प्रत्येक अहवालाला वेगळी पाटी लागते! यंत्र पुढच्या शतकातले आणि कल्पना कागदी फायलींच्या काळातली.

ही टीका शाळेत कशासाठी, असे कोणी विचारील. आज विद्यार्थ्याच्या हातात जी वस्तू आहे ती ट्रायकॉर्डरच्या फार जवळ आली आहे. मोबाइलमध्ये त्वरण, प्रकाश, आवाज, आणि पुष्कळ मोबाइलमध्ये चुंबकीय क्षेत्र टिपणारे संवेदक असतात. त्याला बोलून प्रश्न विचारला तर तो सफाईदार वाक्यात उत्तरही देतो. त्या उत्तरामागे मोजमाप आहे की नाही हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘पेटी म्हणते म्हणून’ हे प्रमाण मानायची सवय एकदा लागली की प्रयोगवहीतला ‘निरीक्षण’ हा रकाना केवळ भरण्यापुरता उरतो.

उपाय मोबाइल काढून घेण्याचा नाही. उलट, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत साधन घेऊन त्याच्याच संवेदकांवर प्रयोग करता येतात. चुंबकीय संवेदक असलेले तीन-चार मोबाइल गोळा करा. एकाच टेबलावर, एकाच जागी, एकाच दिशेने ठेवून प्रत्येकाचा आकडा लिहून घ्या. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. मोबाइलचे आकडे त्याहून वेगळे येतील, आणि एकमेकांशीही जुळणार नाहीत. मग शेजारी लोखंडी कंपासपेटी ठेवून पुन्हा वाचा. बरोबर कोण, हे कसे ठरवायचे? या प्रश्नावर वर्गात वाद होऊ द्या आणि शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

त्यानंतर शक्य असेल तर ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग मुलांना दाखवावा आणि तीन गोष्टी लिहून आणायला सांगाव्यात : पेटीने नेमके काय टिपले असेल, त्यावरून स्पॉकने काय अनुमान केले, आणि व्यवस्थापकाच्या खोलीतल्या त्या गोट्याबद्दल कोणता प्रश्न कोणीच विचारला नव्हता.